पाण्यातली गाठोडी

सातवं गाठोडं तिनं पाण्यात सोडलं, तेव्हा बांबूच्या बेटाआड उकिडवं बसून माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या.

तलावाच्या दक्षिणेकडच्या कोपऱ्यात पाणी गुडघाभरच असतं. तिथं रायवंताबाई कासोटा मारून उभी होती. कमरेवर टोपली. टोपलीतून ती मुठीएवढं कापडाचं गाठोडं काढायची, तोंडाजवळ नेऊन काहीतरी पुटपुटायची, मग वाकून ते पाण्याखाली चिखलात दाबायची आणि पायानं त्यावर एक दगड सारायची. दोन पावलं पुढं. पुन्हा गाठोडं. पुन्हा पुटपुटणं. श्रावणातली सकाळ होती. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गुरं चरत होती, पलीकडं कुणीतरी लाकडी डोंगा उलटा करून त्याला डांबर लावत होतं. सगळं नेहमीसारखं होतं, म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

मला तिथं पाठवलं होतं माझ्या सासऱ्यांनी. साधुजी डहारे, कनेरटोल्याच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. टोल्यावरची तीसेक ढिवर घरं त्या एका तलावावर जगत होती, आणि तलावात जाळं कधी पडेल, कुठं पडेल, कोण उतरेल, हे मामाजी, म्हणजे माझे सासरेच, ठरवायचे. आदल्या संध्याकाळी त्यांनी मला ओसरीवर बोलावून घेतलं होतं.

"देवांगना, तू सरपनाले जाते ना तिकडं? मंग उद्या जा. रायवंता त्या कोपऱ्यात का करून राहिली, तेवढं पाहून ये. मानूस पाठवला त तिले समजन. तुह्यावर कोनाचं ध्यान जात नाही."

"आन तिनं पाह्यलं त?"

"पाह्यलं त पाह्यलं. तू साधुजीची सून हायेस. पन कोनाले बोलजो नको."

मी एकवीस वर्षांची होते. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा त्या साली रस्त्याच्या कामावर दूर गेलेला, महिन्यातून एकदा यायचा. सासऱ्यांनी एखादं काम आपल्यावर विश्वासानं टाकलं, याचं मला त्या वेळी भूषणच वाटलं होतं.

रायवंता ही आमच्या टोल्याचीच लेक. पंधराव्या वर्षी मोहघाटला दिली होती. तीस वर्षांनी, नवरा गेल्यावर, पोरबाळ नसलेली ही बाई माघ महिन्यात परत आली आणि टोल्याच्या टोकाला भावाचं बंद पडलेलं घर उघडून राहू लागली. आली तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांची पेटी नव्हती, भांडी नव्हती. दोन ओली पोती होती. एसटीच्या मागच्या बाकाखालून त्यांचं पाणी गळत होतं आणि कंडक्टर तिच्याशी फाट्यापर्यंत भांडत आला होता. पोत्यांत काय आहे हे तिनं कुणाला सांगितलं नाही. ती पोती तिनं घरामागच्या डबक्यात टाकली आणि वर काटेरी फांद्या घातल्या.

एवढं पुरेसं होतं. मोहघाटच्या संस्थेचा आमच्या तलावावर डोळा आहे, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. दोन वर्षं आमच्या जाळ्यात मासळी धड येत नव्हती. आणखी एक साल असंच गेलं तर तलावाचा ठेका आमच्याकडून जाईल, असं मामाजी बोलून दाखवायचे. पुरुष म्हणायचे, मोहघाटवाल्यांनीच हिला पाठवली, काहीतरी कालवायला. बाया मात्र पाण्यात विष कालवण्यापर्यंतच थांबल्या नाहीत.

माझं लेकरू वैशाखात गेलं होतं. सातव्या महिन्यात. मुलगी होती. रडलीच नाही.

हापश्यावर शेजारची तुरजाबाई माझी घागर भरून देता देता म्हणाली होती, "बाई, मी काही म्हनत नाही. पन माघात ती आली, आन वैशाखात तुह्यं असं झालं. मधात तीनच महिने." आणि मग माझ्याकडं न बघता, "वांझ बाईच्या नजरेचं खोटं नसते."

त्याआधी माझ्या मनात असं काही नव्हतं. पण एकदा शब्द कानात पडला की तो उतरत जातो. दुःखाला धरायला काहीतरी लागतं. मला ती बाई सापडली.

तर मी बांबूआडून बघत होते. सात झाली, आठवं तिनं हातात घेतलं, आणि तशीच थबकली. मान वळवून तिनं थेट बेटाकडं पाहिलं. गाठोडं टोपलीत परत ठेवलं आणि पाणी तुडवत बाहेर आली.

"निंघ बाहेर. लाल मुंग्या हायेत त्याच्यात."

मी उठले. "सरपन पाहून राहिली होती."

"ओल्या बांबूत?" ती हसली नाही. "साधुजीनं पाठवलं का?"

"नाही."

"मंग सांगाचं कारन नाही कोनाले." तिनं पदर सोडून तोंड पुसलं. मग तिची नजर माझ्या पोटाकडं गेली आणि तिथंच थांबली. "तुह्यं समजलं मले. लई वाईट झालं." मग पाण्याकडं हात करून म्हणाली, "हे पाय, या कोपऱ्यात उतरजो नको. महिनाभर त नाहीच. रुतू दे पह्यलं."

"का रुतू दे?"

"भादव्यात दिसन," ती म्हणाली आणि टोपली कमरेला लावून निघून गेली.

भादव्यात काय दिसणार होतं? कुणाच्या घरात? मी तिथंच उभी राहिले. तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं होतं, आणि पाण्यात उतरू नको म्हणाली होती. घरी जाऊन हे असंच सांगावं, असं डोक्यात होतं. पण पाय पाण्याकडं वळले.

साडी गुडघ्यावर धरून मी उतरले. चिखल थंड होता. पायानं चाचपत गेले तर पहिला दगड लागला. तो बाजूला सारून मी हात खाली घातला आणि गाठोडं वर काढलं. त्यातून गढूळ पाणी ओघळलं, आणि कापडाचा रंग दिसू लागला. पिवळा. त्यावर हिरवी बारीक पानं, आणि कडेला जळल्याचा एक वाटोळा डाग, चुलीतली ठिणगी उडून पडलेला.

ती साडी माझी होती. वैशाखातल्या त्या दिवशी माझ्या अंगावर तीच होती. दवाखान्यातून आल्यावर सासूबाईंनी ती माझ्याकडून काढून घेतली होती आणि दोन दिवसांनी मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "जाळली. अशी साडी घरात ठेवत नसतात."

गाठोडं माझ्या हातून सुटलं. मी ते उघडलं नाही. उघडायचं धाडस नव्हतं. आत माझे केस असतील, किंवा त्याहून वाईट काही, असं वाटत होतं. मी पळत घरी आले.

मामाजी ओसरीवर जाळं विणत होते. माझ्या सासूबाई कौतिकाबाई अंगणात विळीवर मासे साफ करत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं. गाठोडी, पुटपुटणं, भादव्यात दिसन म्हणाली ते, आणि शेवटी साडी. साडी म्हणताना माझा आवाज फुटला.

सासूबाईंचा हात विळीवर थांबला.

"कोनती साडी?" त्यांनी विचारलं.

"माही. पिवळी. तुमी त म्हनल्या होत्या का जाळली."

त्यांनी खाली मान घालून पुन्हा मासा धरला. मला वाटलं, त्या घाबरल्या. जळालेली साडी पाण्यात सापडते म्हटल्यावर कोण घाबरणार नाही?

मामाजींनी जाळं बाजूला ठेवलं. "आता समजलं," ते म्हणाले. "मासोळी कायनं गेली, आन घरातलं कायनं गेलं."

"आपल्या मनचं कायले जोडता?" सासूबाई हळू म्हणाल्या.

"तू चूप राय."

त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा माणसं त्या कोपऱ्यात उतरली. गाठोड्यांना हात लावायला कुणी तयार होईना, म्हणून लांब बांबूला आकडे बांधले आणि एकेक उपसून पाळीवर फेकलं. माझ्या डोळ्यांसमोर सातच होती, पण निघता निघता चाळीसच्या वर निघाली. कितीतरी दिवस ती बाई हे करत होती. कुणाचं धोतर, कुणाचं लुगडं, कुणाच्या पोराचं झबलं. बाया आपापली चिंधी ओळखू लागल्या आणि एकेक ओळख पटली की गर्दीतून आवाज उठायचा. ऊन चढलं. गाठोडी वाळायला लागली.

दुपारी संस्थेच्या टिनाच्या शेडपुढं सगळा टोला जमला. दोघांनी रायवंताबाईला घरून आणलं. तिला ओढून आणावं लागलं नाही. पाळीवर गाठोड्यांचा ढीग दिसला तशी मात्र ती जागच्या जागी बसली.

"सगळी काढली?" तिनं विचारलं. "सगळी?"

"विचारनार आमी. तू नाही," मामाजी म्हणाले. ते खुर्चीवर बसले होते. "हे का हाये?"

"फुलझाड हाये. पोत्यात आनलं होतं तेच."

कुणीतरी हसलं.

"चिंध्यात बांधून फुलझाड?"

"सुट्टं लावलं त लाटेनं उखडते. चिंधीत माती बांधली का बूड धरते. चिंधी सडून जाते, झाड राहते."

"आन मंतर कायचा म्हनत होती?"

"मंतर नाही. तलावाची नावं घेत होती." तिचा आवाज बसला होता. "कोनतं कोन्या तलावाचं हाये ध्यानात राहावं म्हनून. हे खापरीचं, हे देवबोडीचं, हे मोहघाटचं. ज्याचं जगन त्याचंच पुढं लावाचं."

"मोहघाटचं!" मागून कुणी ओरडलं. "तोंडानंच बोलली!"

"मंग फुलझाड लावाचं त लपून कायले लावलं?" मामाजींनी विचारलं.

"तुमाले विचारलं असतं त लावू देल्लं असतं का?"

मामाजींनी नजर वळवून पाण्याकडं पाहिलं, आणि त्यांची ती तऱ्हा मला नवी होती. पण ती पुरती समजायच्या आत तुरजाबाईनं माझा दंड धरला आणि मला पुढं ढकललं. "बोल ना. तुह्यी साडी दाखव साऱ्यांले."

मी ढिगाजवळ गेले. पिवळं गाठोडं वरच होतं. बोट दाखवलं.

"ही माही साडी हाये," मी म्हणाले. "लेकरू गेलं त्या दिवशीची."

तेवढ्यात रायवंताबाईवर ढेकूळ आलं. कुणी मारलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. माझ्या हातून गेलं नाही, एवढंच मी सांगू शकते. ते तिच्या कपाळाला लागलं, फुटलं, आणि भुवईवरून रक्ताची बारीक धार खाली आली. तिनं ती पुसली नाही.

"साडी कुठून आनली?" मामाजींनी विचारलं.

रायवंताबाईनं मान वर केली. बायांच्या घोळक्याकडं एकदाच नजर फिरवली.

"सापडली," ती म्हणाली.

"कुठं?"

"सापडली म्हनलं ना."

"खोटं बोलते!" "उघडाले लावा तिलेच!" "नको, उघडू देऊ नका, काही करन ती!" गर्दी एक पाऊल पुढं सरकली. एकाच्या हातात बांबूचा आकडा होता. माझ्या मनाला त्या घडीला काय वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मला वाटत होतं, होऊ दे. माझं लेकरू परत येणार नव्हतं, निदान कुणाला तरी लागू दे.

"थांबा."

सासूबाईंचा आवाज मी आधी ओळखलाच नाही. घरात त्यांचा आवाज कधी चढलेला ऐकला नव्हता. बायांच्या मागून त्या पुढं आल्या. डोक्यावरचा पदर सरकला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"साडी म्या देल्ली," त्या म्हणाल्या.

मामाजी खुर्चीतून अर्धवट उठले. "कौतिका, खाली बस."

"पस्तीस वर्सं बसूनच हावो ना जी."

त्यांनी वाकून ते पिवळं गाठोडं उचललं. दोन-तीन बाया मागं सरल्या. गाठ वाळून घट्ट झाली होती, सुटेना, तेव्हा त्यांनी दातांनी ओढून फाडली. आतून मातीचा गोळा निघाला. तो त्यांनी हातावर फोडला. आत करंगळीएवढा मुळाचा तुकडा होता, आणि त्याला नखाएवढं एक पान फुटलं होतं, घडी घातलेलं, पोपटी.

"हे घ्या करनी," त्या म्हणाल्या. "तुरजा, इकडं ये. तू वळखशील. आपन पोरी होतो तवा याच्यातच पोहत होतो."

तुरजाबाई आली. नाखुशीनंच तिनं ते पान बोटानं उलगडलं. मग वाकून जवळून पाहिलं.

"चांदनी," ती म्हणाली. आणि तिचं तोंड रडवेलं झालं. "बाप्पा, ही त पान्यातली चांदनी हाये."

म्हाताऱ्या माणसांमध्ये कुजबुज सुरू झाली. आम्हा नव्या सुनांना काही कळेना. या फुलाचं पुस्तकातलं नाव कुमुदिनी, हे मला फार मागाहून कळलं. तेव्हा मी ते कधी पाहिलेलंच नव्हतं.

"अर्ध्या तलावात हेच होतं," सासूबाई सांगत होत्या, पण बघत होत्या फक्त मामाजींकडं. "जाळ्यात अडकते म्हनून यायनं सारं उपटाले लावलं. डोंग्यानं काढून पाळीवर ढीग लावले. त्या पानाखालीच मासोळी अंडी घालत होती, पिल्लं तिथंच लपत होती. आता कुठं लपतील? आपन दोन वर्सापासून मोहघाटवाल्याले शिव्या देऊन राहिलो. ज्यानं केलं तो मोहघाटचा नाही."

मामाजींच्या खुर्चीचा एक पाय जमिनीत रुतला होता, तो ते उगाच हलवत होते.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "पन तुमी त म्हनल्या होत्या का साडी जाळली."

सासूबाई माझ्याकडं वळल्या. त्यांच्या हातावरची माती ओघळत होती.

"जाळाले नेली होती, बाई. चुलीपाशी नेली. टाकवली नाही. लेकरू तिच्याच पदरात गुंडाळून आनलं होतं ना. आगीत कशी टाकू?" त्यांनी हात पदराला पुसला. "रायवंता उकिरड्यावरच्या चिंध्या वेचत होती. तिचं काम मले ठाऊक होतं, यायले सांगाची हिंमत नव्हती. म्हटलं साडी पान्यात जाऊ दे. त्याच्यातून काही त उगवन."

"मंग काल कायले नाही बोलल्या?"

"भेली मी," त्या म्हणाल्या. "तिचं कपाळ फुटेपर्यंत भेली."

मी रायवंताबाईकडं पाहिलं. सासूबाईंचं नाव तिनं घेतलं नव्हतं. एका शब्दात सुटली असती, आणि तिनं तो शब्द काढला नव्हता. ती उठली. कुणाकडंही न बघता गर्दीतून वाट काढत घराकडं चालू लागली. तिला वाट द्यायला लोक जरा जास्तच लांब सरकले. भीतीनं की शरमेनं, कोण जाणे.

सभा कुणी संपवली नाही. माणसं एकेक करून निघून गेली.

त्या संध्याकाळी उजेड होता तोवर मी आणि सासूबाई कोपऱ्यात उतरलो आणि गाठोडी परत लावू लागलो. काही वाळून खडा झाली होती. ओली होती तेवढी चिखलात दाबली. माझ्या पिवळ्या साडीच्या सात-आठ चिंध्या निघाल्या. प्रत्येक वेळी सासूबाई ते गाठोडं माझ्या हातात द्यायच्या आणि बाजूला बघायच्या.

तिसऱ्या दिवशी रायवंताबाई पाळीवर येऊन उभी राहिली. कपाळाला हळदीचा लेप होता. थोडा वेळ नुसती बघत राहिली.

"कोंब खाली केला तुमी," ती म्हणाली. "अर्धी उलटी लावली."

आणि कासोटा मारून पाण्यात उतरली.

त्या साली चाळीसातली अकरा जगली. भादव्याच्या शेवटी पाण्यावर तळहाताएवढी वाटोळी पानं पसरली आणि एका सकाळी मला पहिलं फूल दिसलं. बोटाच्या पेराएवढं, पांढरं, पाच पाकळ्यांचं. पाकळ्यांवर कापसासारखी बारीक लव, मध्ये पिवळा ठिपका. सकाळी उघडतं, दिवस कलला की मिटतं. दुसऱ्या दिवशी ते नसतं, शेजारी दुसरं असतं. त्या एका फुलावर तीन मधमाश्या होत्या.

मग वाढतच गेलं. दोन वर्षांनी सगळा कोपरा पांढरा झाला. मोहोळाच्या माश्यांचा आवाज पाळीवरून ऐकू यायचा. त्या सालापासून आमच्या परसातले दोडके-भोपळे जास्त धरू लागले. कारण तेच असेल, असं मी म्हणत नाही, पण बाया म्हणतात. तिसऱ्या साली लांब शेपटीचा कमळपक्षी आला, मानेमागं सोनेरी, पानांवरून असा चालायचा की पान हलायचंही नाही. पानांवरच चार अंडी घातलेली रायवंताबाईनं मला दाखवली. "नर बसते त्याच्यावर," ती म्हणाली. "मादी जाते निंघून." मासळी परत यायला मात्र पाच वर्षं लागली. थोडी आली, पण आली.

मामाजींनी त्या दिवसाबद्दल पुन्हा तोंड उघडलं नाही. माफीही मागितली नाही. फक्त दुसऱ्या वर्षी जाळं टाकायच्या आदल्या दिवशी ते एकटेच डोंगा घेऊन गेले आणि त्या कोपऱ्याभोवती बांबू रोवून आले. तिथं जाळं पडायचं नाही, एवढं त्यांनी बांबूनं सांगितलं.

मला पुढं मुलगी झाली. बारशाला सारा टोला आला. रायवंताबाईही आली, पण उंबऱ्याबाहेरच थांबली. मुलीच्या कपाळाला तिथूनच हात लावला, आणि काम आहे म्हणून गेली.

तिच्या हाताखाली मी चौदा वर्षं त्या पाण्यात उतरले. कोणतं मूळ कधी तोडायचं, कोणत्या चिखलात काय धरतं, काठावर माजणारी बेशरमीची झुडपं मुळासकट कशी काढायची, सगळं तिनं शिकवलं. काही लपवलं नाही. आज आसपासच्या गावांतल्या बाया आम्हाला बोलावतात, आणि मी जाते तेव्हा गाठोडं बांधताना तलावाचं नाव घ्यायला सांगते. रायवंताबाई गेली त्याला आता बारा वर्षं झाली. सासूबाई तिच्याआधी दोन वर्षं.

एक गोष्ट मी तिला कधी विचारली नाही. दुपारी आम्ही सगळ्या जणी पाळीवर बसायचो. घरून पाण्याची कळशी मी न्यायची आणि पेला भरून एकेकीपुढं करायची. रायवंताबाईपुढं धरला की ती म्हणायची, "तहान नाही." मग टोपलीतून स्वतःची बाटली काढून दोन घोट घ्यायची, आणि झाकण न लावता बाटली माझ्याकडं करायची.

"घे. ऊन लागन तुले."

मी प्यायची. चौदा वर्षं मी तिच्या हातचं पाणी प्यायले. माझ्या हातचं तिनं एकदाही घेतलं नाही.